बोरीची जाळरेषा आणि विस्कॉन्सिनचें माळरान

जुनीं दप्तरें, पोथ्या व कागदपत्र यांच्या शोधांत ज्यांचीं वर्षें गेलीं, त्यांस अग्नि हा शत्रु म्हणूनच ठाऊक असतो. एखाद्या घराण्याचें दप्तर पाहावयास दूरच्या गांवीं जावें, आणि ‘तें मागच्या आगींत गेलें’ एवढेंच उत्तर घेऊन परत यावें, हा प्रसंग या त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांवर आला असेल. अशा मंडळीपुढें जाणूनबुजून लावलेल्या, आणि तीही रक्षणाच्या हेतूनें लावलेल्या, आगीचा इतिहास मांडणें थोडें विपरीत दिसेल. परंतु या विषयाचे धागे सातपुड्याच्या रानांत, ठाण्याच्या भातशेतींत आणि अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांताच्या गवतांत असे तिन्हीकडे गुंतलेले असून, ते उकलण्याची रीति कागदपत्रांच्या अभ्यासकांच्याच परिचयाची आहे. म्हणून हा लेख येथें सादर केला आहे.

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांत शरद् व वसंत या ऋतूंत कांहीं ठराविक दिवशीं शिक्षक, कारकून, विद्यार्थी, निवृत्त मंडळी असे नाना व्यवसायांचे लोक वेतनाशिवाय एकत्र जमतात आणि राखून ठेवलेल्या माळरानाचा एखादा तुकडा पेटवून देतात. या कृत्यास तिकडे जें नांव आहे, त्याचा अर्थ ‘विहित दहन’ या शब्दानें बराचसा व्यक्त होतो. वैद्यानें औषध, मात्रा, वेळ व अनुपान नेमून द्यावें, त्याप्रमाणें येथें जागा, ऋतु, वारा व आर्द्रता हीं आधीं नेमून मगच आग लावावयाची असते. या कामीं प्रत्यक्ष जाळण्याचे तास थोडे आणि तयारीचे महिने फार. या तयारीची परंपरा कोठून आली, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. तत्संबंधीं आमचीं विधानें तीन आहेत. पहिलें असें कीं, आग लावण्याची आजची तयारी ही बव्हंशीं आग बंद करण्यासाठीं एकोणिसाव्या शतकांत बसविलेल्या व्यवस्थेचेंच उलटें रूप आहे. दुसरें असें कीं, त्या व्यवस्थेचा एक मूळ झरा मध्यप्रांतांतील बोरीच्या रानांत सांपडतो. तिसरें असें कीं, ज्यांस हें ज्ञान पूर्वींपासून होतें त्यांची नोंद सरकारी कागदांत ज्ञाते म्हणून न होता अपराधी म्हणून झाली. आणि ही नोंद तपासून घेतल्यावांचून या विषयाचा इतिहास पुरा होत नाहीं.

प्रथम बोरीचा विचार करूं. पूर्वींच्या होशंगाबाद जिल्ह्यांत पचमढीच्या भोंवतालीं जे महादेवाचे डोंगर आहेत, ते मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांस अपरिचित नाहींत. इ. स. १८१८ त नागपूरकर आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेंतून निसटले, ते याच डोंगरांत गोंड प्रमुखांच्या आश्रयास राहिले, आणि पुढल्या वर्षीं तेथून अशीरगडाकडे गेले. पुढें १८६१ त मध्यप्रांत बनून नागपूर त्याची राजधानी झाली. जंगलखात्याचा मुख्य अधिकारी पिअर्सन यानें बोरीचें सागाचें रान हातीं घेतलें, आणि १८६५ त तें राखीव ठरलें. हिंदुस्थानांतील अगदीं जुन्या राखीव रानांत याची गणना होते. १८६४ पासून सर्व हिंदुस्थानच्या जंगलखात्याचा पहिला प्रमुख असलेला जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस हा त्या वेळीं वरिष्ठ होता.

या रानांत गोंड व कोरकू लोक दरसाल उन्हाळ्याच्या तोंडीं आग लावीत. मोहाचीं फुलें वेंचण्यास झाडाखालची जागा स्वच्छ व्हावी, गुरांस नवें कोवळें गवत मिळावें, शिकारीस वाट मोकळी व्हावी, अशीं त्याचीं कारणें असत. हें वणवे थांबविणें अशक्य आहे अशी त्या काळच्या पुष्कळ इंग्रज अंमलदारांची समजूत होती. पिअर्सननें तें करून दाखविलें, आणि बोरीचा दाखला पुढें इतर प्रांतांत गिरविला गेला. त्याची रीति थोडक्यांत अशी: रानाभोंवतीं व रानांतून पट्टे आंखावयाचे, थंडीच्या दिवसांत त्यांवरील गवत कापावयाचें, तें वाळलें म्हणजे पट्टा जाळून काढावयाचा, आणि पुढें पाऊस पडेपर्यंत त्या पट्ट्यावर राखणदार फिरते ठेवावयाचे. या पट्ट्यास आपल्याकडे जाळरेषा म्हणतात, आणि विदर्भांत आगीच्या राखणदारास अंगारी म्हणतात.

या ठिकाणीं एक गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. जाळरेषा हा शब्दच सांगतो कीं, ती जाळून होते. म्हणजे ज्या खात्यानें आगीस बंदी केली, त्याचें मुख्य हत्यारही आगच होतें. वारा पडलेला असतां, दंव असतां, थोड्या माणसांच्या देखरेखीखालीं, अरुंद पट्ट्यावर लावलेली आग ताब्यांत राहते, हें ज्ञान त्या कामाच्या मुळाशीं होतें. पट्टे जाळणारे हात बहुधा त्याच भोंवतालच्या वाड्यांतील लोकांचे होते, ज्यांस एरवीं आग लावल्याबद्दल शिक्षा होत असे. खात्याच्या वार्षिक अहवालांत राखलेल्या क्षेत्राचे आंकडे व खर्चाचे तक्ते असतात. पट्टा कोणीं जाळला, वारा कोणीं ओळखला, हें त्यांत सांपडत नाहीं.

१८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव रानास आग लावणें हा गुन्हा ठरला. १९२७ च्या कायद्यांत तर पुढील दोन गोष्टी स्पष्ट आहेत. कलम २६ अन्वयें राखीव रानांत कोणीं बुद्धिपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणानें आग लावल्यास, गुन्हेगारास शिक्षा झालेली असली तरीही, त्या रानांतील चराईचे व वनोपजाचे हक्क सरकारास कांहीं काळ तहकूब ठेवतां येतात. कलम ७९ अन्वयें ज्यांस रानांत हक्क आहेत अशा लोकांनीं आगीची वर्दी देणें व ती विझविण्यास मदत करणें बंधनकारक आहे. म्हणजे आगीच्या कामास गांवकरी येई तो कायद्यानें बांधलेला म्हणून येई. स्वयंसेवक या शब्दाचा अर्थ ज्यास नीट समजून घ्यावयाचा असेल त्यानें हें कलम शेजारीं ठेवून पाहावें.

आपल्या प्रांतांत हाच वाद राबाच्या रूपानें उभा राहिला. कोंकणांत व ठाण्याच्या डोंगराळ भागांत भाताचीं रोपें ज्या वाफ्यांत करावयाचीं, त्यांवर शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा व गवत यांचे थर पसरून वर माती घालतात, आणि पावसापूर्वीं तें सर्व भाजतात. वर माती असल्यामुळें आग भडकत नाहीं, सावकाश धुमसत जमिनींत मुरते. ही सुद्धां मात्रा ठरवून केलेली आगच होय. फांद्या तोडल्यानें रानाचा नाश होतो असें जंगलखात्याचें म्हणणें, आणि राबाशिवाय भात होत नाहीं असें कुळांचें म्हणणें. या व इतर तक्रारींच्या चौकशीसाठीं मुंबई सरकारनें १८८५ त जंगल कमिशन नेमलें, आणि त्याचें काम १८८७ पर्यंत चाललें. जोतीराव फुले यांनींही त्याच दशकाच्या आरंभीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत जंगलखात्यावर कडक टीका केली होती. ज्यांच्या संग्रहीं या कमिशनपुढील जबान्यांचे किंवा तत्कालीन अर्जांचे कागद असतील, त्यांनीं ते केवळ जमीनमहसुलाचे कागद समजूं नयेत. आग कशी, केव्हां व किती लावावी याविषयीं शेतकऱ्यांचें म्हणणें ज्यांत थेट उतरलें आहे असे लेख फार थोडे आहेत.

आगबंदी जेथें पूर्ण यशस्वी झाली तेथेंच तिच्याविषयीं पहिली शंका निघाली, हा या इतिहासांतील मोठा चमत्कार आहे. ब्रह्मदेशांत सागाचीं रानें राखल्यावर सागाचीं रोपें वाढण्याऐवजीं कमी होऊं लागलीं. १८९६ त स्लेड नांवाच्या अधिकाऱ्यानें ‘इंडियन फॉरेस्टर’ या मासिकांत ब्रह्मदेशांत आगीपासून संरक्षण फाजील होत आहे असें उघड लिहिलें. बंगाल व आसाम येथील सालाच्या ओल्या रानांत आग बंद होतांच सदाहरित झुडपें माजलीं आणि सालाचीं रोपें त्यांच्या सावलींत दबलीं. तेथें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत खात्यानें स्वतःच पुनः आग वापरण्यास सुरुवात केली. हिमालयांतील चीडाच्या रानांविषयीं ग्रेसवेल यानें १९२६ त त्याच मासिकांत आगीचे विधायक गुण सांगणारा लेख लिहिला. मध्यंतरीं १९२१ त कुमाऊंत लोकांनीं सरकारी रानांस जागजागीं आगी लावल्या, आणि सरकारास गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यास समिति नेमावी लागली. म्हणजे एका बाजूस आग हें प्रतिकाराचें शस्त्र झालें, आणि दुसऱ्या बाजूस तेंच खात्याचें औजार झालें. हंगामाच्या आरंभीं, गवत अर्धवट ओलें असतां, लावलेल्या सौम्य आगीस खात्यानें ‘लवकरचें दहन’ अशा अर्थाचें नांव दिलें. गोंड, कोरकू किंवा थारू यांच्यापासून आपण हें शिकलों, असें मात्र म्हटलें नाहीं.

आतां हा धागा अमेरिकेंत कसा गेला तें पाहूं. ब्रँडिस १८८३ त निवृत्त होऊन बॉन येथें राहिला. तेथें गिफर्ड पिंचो हा तरुण अमेरिकन त्यास भेटला, आणि त्याच्या सल्ल्यानें फ्रान्सांतील नान्सी येथें वनविद्या शिकला. ब्रँडिस १९०७ त वारला, तोंपर्यंत तो पिंचोचा मार्गदर्शक राहिला. १९०५ त अमेरिकेचें सरकारी वनखातें स्थापन झालें त्याचा पहिला प्रमुख हाच पिंचो. येल विद्यापीठांतील वनशाळा १९०० त त्याच्याच घराण्याच्या देणगीनें निघाली, आणि त्या शाळेंतून १९०९ त आल्डो लिओपोल्ड हा विद्यार्थी बाहेर पडला. पिअर्सनचें काम ज्याच्या नजरेखालीं झालें तो ब्रँडिस, त्याचा शिष्य पिंचो, आणि पिंचोच्या शाळेचा लिओपोल्ड, अशी ही शिष्यपरंपरा आहे. अमेरिकेंतील आगबंदीचीं इतर कारणें अर्थातच पुष्कळ होतीं. सर्व श्रेय किंवा दोष बोरीस देण्याचा आमचा उद्देश नाहीं. परंतु ज्या गुरूनें आगबंदीचा यशस्वी प्रयोग पाहिला होता त्याच्या शिष्यानें तीच दृष्टि उचलली, यांत नवल तें काय?

१९१० च्या ऑगस्टांत आयडाहो व मोंटाना या प्रांतांत दोन दिवसांत सुमारें ३० लाख एकर रान जळलें आणि ऐंशीहून अधिक माणसें मेलीं. त्या प्रसंगीं पुलॅस्की नांवाच्या रेंजरानें आपल्या टोळीस खाणीच्या बोगद्यांत नेऊन बहुतेकांचे प्राण वांचविले. एका बाजूस कुऱ्हाड व दुसऱ्या बाजूस कुदळीचें पातें असलेलें जें हत्यार आजही त्याच्या नांवानें ओळखलें जातें, तें याच पुरुषाशीं निगडित आहे. या आगींनंतर खात्याचें धोरण कडक होत गेलें. १९३५ त तर कोणतीही आग लागल्यास ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहाच्या आंत ताब्यांत आणावी असा दंडक झाला. कॅलिफोर्नियांत जे जमीनमालक हलकी आग लावण्याचा पुरस्कार करीत, त्यांच्या मतास ‘पायूट लोकांची वनविद्या’ म्हणून हिणवीत. पायूट हें तेथील मूळ रहिवाशांच्या एका जातीचें नांव. लिओपोल्डनेंही १९२० त याच उपहासाच्या नांवाखालीं आगीविरुद्ध लेख लिहिला आहे. परंतु १९२४ त दक्षिण ॲरिझोनाविषयीं लिहितांना, पूर्वींच्या आगींमुळेंच गवत टिकून होतें व आग थांबल्यावर झुडपें माजलीं, हें त्यानें कबूल केलें. चार वर्षांत एवढा पालट लेखी नोंदवून ठेवणारे विद्वान् विरळा.

१९३४ त विस्कॉन्सिन विद्यापीठानें मॅडिसन येथें वृक्षोद्यान स्थापिलें. त्या समारंभांत लिओपोल्डनें अशी कल्पना मांडली कीं, येथें केवळ निरनिराळीं झाडें न लावतां, गोऱ्या लोकांच्या वसाहतीपूर्वीं ही भूमि कशी होती त्याचा नमुना पुनः उभा करावा. ही भूमि मूळची हो-चंक लोकांची होती. १९३५ पासून सुमारें ६० एकरांच्या जुन्या शेतावर माळरानाचीं गवतें व फुलझाडें लावण्यास आरंभ झाला. सरकारी रोजगार-योजनेंतील तरुण हें काम करीत, आणि १९३६ नंतर थिओडोर स्पेरी याची त्यांवर देखरेख होती. हे तरुण वेतन घेणारे होते. त्यांस स्वयंसेवक म्हणतां येणार नाहीं. लावणी झाली, पण बाहेरून आलेलें निळें कुरणगवत हटेना. तेव्हां जॉन कर्टिस व मॅक्स पार्च या दोघांनीं लहान लहान वाफे आंखून निरनिराळ्या वेळीं जाळून पाहिले. आगीनें परकें गवत मागें हटतें व मूळचीं झाडें जोर धरतात, असा निष्कर्ष त्यांनीं १९४८ त प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं २१ एप्रिल रोजीं लिओपोल्ड आपल्या शेतानजीक शेजाऱ्याच्या जमिनींत लागलेली गवताची आग विझविण्यास गेला असतां हृदयक्रिया बंद पडून वारला. आगीची उपयुक्तता ज्यानें मान्य केली, तो पुरुष तयारीवांचून लागलेल्या आगीपुढें पडला. या योगायोगांतून कोणताही सिद्धांत काढण्याचें कारण नाहीं. तथापि लावलेली आग व लागलेली आग यांतील अंतर दाखविण्यास याहून समर्पक उदाहरण नाहीं.

पुढें १९६२ त एका खाजगी निसर्गरक्षक संस्थेनें मिनेसोटा प्रांतांतील आपल्या राखीव भूमींत विहित दहनाचा पहिला प्रयोग केला. १९७७ त शिकागो नदीच्या उत्तर फांट्याच्या कांठीं स्टीव्ह पॅकार्ड यानें स्वयंसेवकांची टोळी जमवून उरल्यासुरल्या माळरानाच्या तुकड्यांचा जीर्णोद्धार आरंभिला. इलिनॉय प्रांतांत मूळ माळरानापैकीं शेंकडा एकाहूनही फार कमी अंश उरला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे या मंडळीची तळमळ समजते. हस्तलिखितांच्या संग्राहकास एखाद्या ग्रंथाचीं दोनच पानें हातीं लागावीं, आणि त्यांवरून त्यानें बाकीच्या पाठाचा शोध घ्यावा, तशीच ही अवस्था होती.

आतां प्रत्यक्ष तयारीचें वर्णन करूं. तिचा पहिला भाग लेखी असतो. ज्या तुकड्यास जाळावयाचें त्याचा नकाशा, जाळण्याचा हेतु, गवताची जात व उंची, वाऱ्याची दिशा व वेग, हवेंतील आर्द्रता, धूर कोणीकडे जाईल, शेजारीं कोणाचीं घरें आहेत, आग हातची निसटल्यास कोणीं काय करावें, हें सर्व आधीं लिहून काढून परवानगी घ्यावी लागते. माळरानांच्या योजनांत वारा ताशीं ५ ते १५ मैल आणि आर्द्रता शेंकडा २५ ते ६० अशा स्वरूपाच्या मर्यादा साधारणतः आढळतात. वारा अगदीं नसला तरीही काम चालत नाहीं, कारण मग धूर जागींच बसतो आणि आगीची दिशा बेभरंवशाची होते.

दुसरा भाग जमिनीवरचा. आदल्या शरदांतच तुकड्याभोंवतीं पट्टा कापतात व गवत झाडून काढतात. ओढा, रस्ता, नांगरलेलें शेत हीं आयतीं मिळाल्यास त्यांचा उपयोग करितात. पट्ट्याजवळचें वाळलेलें उभें झाड आधींच तोडतात, कारण त्याच्या शेंड्यावरून ठिणग्या पट्टा ओलांडतात. बोरीच्या जाळरेषेचेंच हें सख्खें भावंड आहे. फरक इतकाच कीं, तेथें आग पट्ट्याच्या बाहेर ठेवावयाची होती, येथें आंत ठेवावयाची असते.

तिसरा भाग साधनांचा व वेषाचा. नायलॉनसारखें कृत्रिम कापड उष्णतेनें वितळून अंगास चिकटतें, म्हणून सुती, लोंकरी किंवा न पेटणारें खास कापडच घालावयाचें. पायांत चामड्याचे बूट, हातांत चामड्याचे मोजे, डोकीस शिरस्त्राण, डोळ्यांस चष्मा. पेटविण्यासाठीं थेंबथेंब जळतें तेल सोडणारी मशाल असते. तींत डिझेलचे तीन-चार भाग व पेट्रोलचा एक भाग असें मिश्रण घालतात. विझविण्यासाठीं पाठीवर सुमारें १९ लिटर पाण्याचा पंप, दांताळें, आणि लांब दांड्यास जाड रबराची पट्टी बसविलेलें झोडपणें असतें. आपल्याकडे वणवा ओल्या डहाळ्यांनीं झोडपून विझवितात, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ति. नवख्या स्वयंसेवकाच्या हातीं मशाल सहसा देत नाहींत; प्रथम त्यानें झोडपणें किंवा पाणी घेऊन पट्ट्यावर उभें राहावयाचें असतें.

चौथा भाग वाट पाहण्याचा. सर्व सिद्धता होऊनही वारा फिरला तर दहन रद्द होतें, आणि जमलेली मंडळी घरीं जातात. असें एका हंगामांत अनेकदां घडतें. योग्य दिवस उजाडल्यावर प्रमुख सर्वांस एकत्र उभें करून नकाशा दाखवितो, प्रत्येकाची जागा, निसटण्याची वाट व सुरक्षित जागा सांगतो, आणि यादी वाचून एकेका अटीची खात्री करितो. मग एका कोपऱ्यांत थोडीशी आग लावून ती कशी चालते तें पाहतात. ती मनाजोगती असेल तरच पुढें जातात. प्रथम वारा ज्या दिशेकडे वाहतो त्या बाजूच्या पट्ट्यालगत आग लावतात. ती वाऱ्याविरुद्ध सावकाश मागें सरकत काळा पट्टा रुंद करिते. मग दोन्ही बाजू, आणि शेवटीं वाऱ्याच्या मुखाकडून आग सोडतात. ती वेगानें जाऊन जळालेल्या भागास भिडते व विझते. नंतर तासन्‌तास बुंधे व खोडें विझवीत फिरावें लागतें. सबंध रान एकाच वर्षीं जाळीत नाहींत. कीटक व लहान प्राणी यांच्यासाठीं कांहीं भाग राखतात.

ही तयारी म्हणजे अपयश न येण्याची हमी नव्हे. मे २००० मध्यें न्यू मेक्सिकोंत राष्ट्रीय उद्यानखात्यानें लावलेली आग निसटली आणि लॉस ॲलामॉस गांवांत दोनशेंहून अधिक कुटुंबांचीं घरें गेलीं. एप्रिल २०२२ त त्याच प्रांतांत वनखात्याचें एक दहन हाताबाहेर गेलें. त्यांतून वाढलेल्या वणव्यानें सुमारें ३ लाख ४१ हजार एकर भूमि जळाली, आणि त्यानंतर वनखात्यानें देशभर आपलें विहित दहन कांहीं काळ तहकूब केलें. शिकागोच्या परिसरांत १९९६ त झाडांची तोड, औषधें व धूर यांविरुद्ध रहिवाशांनीं एवढा गिल्ला केला कीं जीर्णोद्धाराचें काम कांहीं काळ थांबवावें लागलें. ज्यांचीं घरें जळालीं त्यांस गवताच्या पुनरुज्जीवनाचा हिशेब सांगून समाधान होत नाहीं, आणि ज्यांस श्वासाचा विकार आहे त्यांच्या तक्रारीस अज्ञान म्हणणें योग्य नव्हे. दहनाचा पुरस्कार करणारानें हा खर्चाचा रकाना झांकून ठेवूं नये.

तसेंच या उदाहरणावरून सह्याद्रींत कोणींही आग लावावी असा अर्थ घेऊं नये. विस्कॉन्सिनच्या माळरानास जें मानवतें तें आपल्या देवरायांस व घाटमाथ्याच्या सदाहरित रानास मानवणार नाहीं. कायदाही तसें करूं देत नाहीं. सह्याद्रीच्या डोंगरांवर अलीकडे स्वयंसेवक जाळरेषा काढण्यास जातात, त्यांचें काम आग रोखण्याचें आहे व तें उचितच आहे. परंतु आपल्या द्वीपकल्पांतही आगीचा जुना विवेक होता, याचा एक जिवंत पुरावा कर्नाटकांतील बिळिगिरिरंगन डोंगरांत मिळतो. तेथील सोलिग लोक उन्हाळ्याच्या आरंभीं पाचोळ्याची हलकी आग लावीत. तीस ते ‘तरगु बेंकी’ म्हणतात. १९७४ त अभयारण्य झाल्यावर ती बंद पडली, आणि त्यानंतर घाणेरीचें झुडूप माजलें, असें त्यांच्यांतील वृद्ध सांगतात. त्यांचें हें म्हणणें संशोधकांनीं नोंदवून अभ्यासास घेतलें आहे. पिअर्सनच्या काळीं हीच विचारपूस कोरकूंजवळ झाली असती, तर बोरीचा इतिहास आपणांस अधिक पुरा मिळाला असता.

शेवटीं एका गोष्टीकडे संग्राहकांचें लक्ष वेधावयाचें आहे. विहित दहनाच्या योजनेचा कागद पाहिला तर त्यांत प्रत्येक माणसाचें काम व त्याची उभें राहण्याची जागा लिहिलेली असते. दहन झाल्यावर हवा कशी होती, आग कशी चालली, चूक कोठें झाली, हेंही लिहून ठेवतात. बोरीच्या व ठाण्याच्या कागदांत हीच बाजू रिकामी आहे. ती भरून काढण्याचीं साधनें सर्वस्वी नष्ट झालीं असतील असें वाटत नाहीं. गांवकामगारांचीं दप्तरें, जंगलगुन्ह्यांचे फैसले, राबाविषयींचे अर्ज, जुन्या जाळरेषांचे हातनकाशे, अंगाऱ्यांच्या मजुरीच्या याद्या हीं अद्याप कोठें कोठें पडून असतील, आणि त्यांस कोणी ऐतिहासिक कागद म्हणत नसल्यामुळें तींच प्रथम रद्दींत जातील. सनद किंवा बखर सांपडली तर आपण ती जपतों. ज्या कुळानें आपला राब भाजूं द्यावा म्हणून अंगठा उठविला, त्याचा अर्जही त्याच कपाटांत ठेवण्यास हरकत नसावी. आगीविषयीं शहाणपणाची चार अक्षरें त्यांत असण्याचा संभव आहे, आणि तीं मिळविण्यास आतां फार वेळ उरलेला नाहीं.